संत्र्याचं झाड छत्तीस महिन्यांत फळत नाही: आमच्या एका ग्रँटची केस

२०१४ च्या जुलैत आम्ही नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर आणि काटोलच्या मधल्या एका बगिच्यात संत्र्याची १२० कलमं लावली. ६० जंबेरीच्या खुंटावर, ६० रंगपूर लाइमच्या (खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर संत्र्याचं कलम बांधतात ते लिंबाच्या जातीचं रोप). दोन्हीतल्या निम्म्या झाडांना दुहेरी आळं केलं, म्हणजे बुंध्याभोवतीचं छोटं आळं कोरडं ठेवायचं आणि पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात सोडायचं, मग बुंधा भिजत नाही. बगिचा एका काकांचा, कलमांचे अर्धे पैसे त्यांचे, अर्धे कॉलेजच्या सीड मनीचे, म्हणजे काम सुरू करायला मिळणाऱ्या छोट्या रकमेचे. प्रश्न अगदी साधा होता: डिंक्या हा मुळं-बुंध्याचा रोग लागून मरणारी झाडं कशानं वाचतात, खुंटानं की पाणी द्यायच्या पद्धतीनं, आणि वाचली तर किती वर्षं वाचतात.

उत्तर यायला आठ-दहा वर्षं लागणार हे लावतानाच माहीत होतं, कारण संत्रा पाचव्या वर्षाच्या आसपास फळायला लागतो आणि डिंक्याचं खरं नुकसान बहुतेकदा त्याच्यानंतर दिसतं. फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी चीज मातीत बसलेली असते, पाणी साचलं की तिचे पोहणारे बीजाणू सुटतात, तंतुमुळं सडवतात, बुंध्याच्या सालीत शिरतात, मग डिंक वाहतो, पानं पिवळी पडतात, शेंड्याकडून सल येते, म्हणजे फांद्या वाळत येतात. एका पावसाळ्यात झाड मरत नाही. तीन-चार पावसाळे घेतं आणि तेवढ्यात शेतकऱ्याचे आठ-नऊ वर्षांचे पैसे बुडालेले असतात.

मी नागपुरात एका कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटला शिकवतो. मॅडम माझ्या सीनियर, प्लँट पॅथॉलॉजीवाल्या, आणि ही सगळी कल्पना त्यांचीच. माझं काम म्हणजे गाडी चालवणं, माती खणणं आणि नंतर आकडेमोड. ही केस लिहायचं कारण असं की, आमच्याकडे कुठल्याही स्टाफ मीटिंगमध्ये ग्रँटचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते कॉम्पिटिशनशिवाय लोक काम करत नाहीत, दुसरी म्हणते ग्रँटच्या नादात काम राहूनच जातं, आणि दोघांकडेही एकेका ओळखीच्या माणसाच्या किश्श्यापलीकडे काही नसतं. माझ्याकडेही एकच किस्सा आहे, पण मी त्याची डायरी ठेवली आहे.

ग्रँट नव्हती तेव्हाचं

२०१४ ते २०१६ दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मॅडमच्या वॅगन-आरमधून बगिच्यात. सकाळी लॉ कॉलेज चौकात तर्री पोहे, साडेनऊला शेतात, झाडागणिक बुंधा बघायचा, ठरलेल्या झाडांखालची माती पिशवीत भरायची, दुपारी परत. लॅबमध्ये ती माती पाण्यात कालवून त्यावर लिंबाच्या पानाचे तुकडे तरंगत ठेवायचे. मातीत फायटोफ्थोरा जिवंत असेल तर तो पानाला धरतो, आणि किती तुकडे धरले ते मोजायचं. खर्च जवळजवळ शून्य. पेट्रोल, पिशव्या, बुरशी वाढवायच्या मीडियाचे डबे. एमएस्सीची चार पोट्टी हौसेनं यायची, त्यातली दोघं मुख्यतः काकांच्या बगिच्यातल्या संत्र्यांसाठी यायची (आमची झाडं लहान होती, काकांची जुनी फळत होती).

त्या तीन वर्षांत आमचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, किती झाले, तर दोन. तेही जुन्या कामावरचे. झाडं लहान, रोग नाही, लिहिणार काय? डेटा मात्र ३० महिन्यांचा, सलग, एकही खाडा नाही. आता मागे वळून बघतो तेव्हा आमच्या सगळ्या कामातला तोच सगळ्यात धड तुकडा वाटतो आणि प्रमोशनच्या फॉर्ममध्ये त्याला एकही कॉलम नव्हता.

पहिला अर्ज, दुसरा अर्ज

२०१७ मध्ये मॅडमनी ठरवलं की आता मोठं करू. डीएनएवरून फायटोफ्थोराची कुठली जात आहे ते ओळखायचं, मातीत ओल मोजणारे सेन्सर बसवायचे, एक जेआरएफ (पगारी संशोधक विद्यार्थी) ठेवायचा. दिल्लीच्या ग्रँट देणाऱ्या एका एजन्सीचा कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, आली. मी डायरीत बघितलं, त्या एका प्रपोजलवर मॅडमचे २६ दिवस गेले आणि माझे ११, आणि हे पूर्ण दिवस म्हणजे सकाळी लेक्चर घेऊन उरलेला वेळ जोडून जोडून केलेली बेरीज आहे. माझ्यावर आठवड्याला १६ तासांचं वर्कलोड, मॅडमवर १४, प्रॅक्टिकलच्या फाइली आणि नॅकचं (कॉलेजच्या मूल्यांकनाचं) काम वेगळं. हे दिवस आले कुठून? उन्हाळ्याच्या सुट्टीतून. ४५ डिग्रीत कूलरसमोर बसून लिहिलेलं प्रपोजल ते.

अर्जात कालावधी जास्तीत जास्त तीन वर्षं. आमचं काम दहा वर्षांचं. मग आम्ही 'फेज वन' असं लिहिलं, जे सगळेच लिहितात आणि ज्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही.

रिजेक्ट झालं. दोन रिव्ह्यूअरच्या, म्हणजे अर्ज तपासणाऱ्यांच्या, कमेंट आल्या. एकानं लिहिलं की देशाला अशाच लांब पल्ल्याच्या प्लॉटची गरज आहे, जरूर पैसे द्या. दुसऱ्यानं लिहिलं की काम रूटीन आहे आणि तीन वर्षांत हाती काय येणार ते स्पष्ट नाही. मॅडम दोन दिवस चिडून होत्या, म्हणाल्या ह्यांनी एकच अर्ज वाचला का दोन वेगळे. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, पण पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेतला एक अभ्यास पीएनएएस ह्या जर्नलमध्ये आला, त्यात एनआयएचला (तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेला) आलेले २५ खरे अर्ज ४३ रिव्ह्यूअरना वाचायला दिले होते आणि एकाच अर्जाला वेगवेगळ्या लोकांनी दिलेल्या मार्कांमध्ये जवळजवळ काहीच मेळ नव्हता. म्हणजे आमच्या बाबतीत कोणी अन्याय वगैरे केला नाही, हे असंच असतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग चिठ्ठ्याच टाका ना सरळ." गंमत म्हणजे काही ठिकाणी खरंच टाकतात. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलनं २०१३ पासून एका छोट्या ग्रँटसाठी हे सुरू केलं: आधी अर्ज लायक आहे की नाही एवढंच बघायचं, लायक असलेल्यांची मग सोडत.

दुसरा अर्ज २०१८ चा, आणि इथे आमचा रस्ता फाटला हे मला चार वर्षांनी कळलं. रिव्ह्यूअरला तीन वर्षांत काहीतरी हातात पाहिजे ना, मग मॅडम म्हणाल्या बगिचा नको, कुंड्या घेऊ. रोपं शेडनेटमध्ये, आपण स्वतः फायटोफ्थोरा टाकायचा, १८ खुंट तपासायचे, आठ महिन्यांत कोणता टिकतो ते कळतं. तीन वर्षांत चार प्रयोग बसतात, चार पेपर बसतात. एक्सेलमध्ये काय सुंदर दिसत होतं ते! प्रत्येक तिमाहीत एक डिलिव्हरेबल, म्हणजे दाखवायला काहीतरी. मीच तो चार्ट बनवला होता.

ह्या वेळी दिल्लीला प्रेझेंटेशनला बोलावलं, रात्रभर ट्रेन, दहा मिनिटं बोलणं, रात्रभर ट्रेन. थोडक्यात हुकलं.

ह्याच कॉलला शेजारच्या कॉलेजमधला आमचा एक ज्युनियर होता, पस्तिशीचा, हुशार, त्याचंही असंच थोडक्यात गेलं. त्यानं परत अर्ज केला नाही. आता तो एका बियाणं कंपनीत आहे, पगार आमच्यापेक्षा बरा आहे, भेटतो तेव्हा खूश असतो, पण जे काम त्यानं डोक्यात आणलं होतं ते कोणीच केलं नाही. २०१९ मध्ये एनआयएचच्याच तरुण अर्जदारांवर एक पेपर आला होता. थोडक्यात हुकलेले आणि थोडक्यात मिळालेले ह्यांची पुढची दहा वर्षं बघितली, तर हुकलेल्यांपैकी दहातल्या एकाहून जास्त त्या व्यवस्थेतून कायमचे गायब झाले, आणि जे टिकले त्यांनी पुढे जिंकलेल्यांपेक्षा जास्त गाजलेले पेपर दिले. ह्यातला दुसराच भाग सगळे भाषणात सांगतात, अपयशानं माणूस घडतो वगैरे. पहिला भाग कोणी सांगत नाही कारण गायब झालेला माणूस भाषणाला येत नाही.

हरण्यातून जे मिळालं

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला पाहिजे. दोन्ही रिजेक्ट झालेल्या अर्जांनी आम्हाला फायदा केला. पहिल्या अर्जासाठी मॅडमनी संत्र्याच्या डिंक्यावरचं पन्नास वर्षांचं साहित्य वाचलं, त्याचा पुढे रिव्ह्यू पेपर (आधीच्या कामाचा आढावा) झाला आणि आमच्या सगळ्या पेपरांत सायटेशन त्यालाच जास्त आहेत. दुसऱ्या अर्जासाठी डीएनएवाला को-पीआय (जोडीचा संशोधक) लागत होता म्हणून आम्ही शहरातल्याच एका इन्स्टिट्यूटमधल्या सरांना जाऊन भेटलो. नागपुरात पर्यावरणवाली नीरी आहे, कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, मृद सर्वेक्षणवाले आहेत, इंजिनिअरिंगचं व्हीएनआयटी आहे, सगळं वीसेक किलोमीटरच्या आत, आणि तरी त्या अर्जाच्या आधी १४ वर्षांत आम्ही त्यांच्यापैकी एकाच्याही लॅबमध्ये पाय ठेवला नव्हता. डेडलाइन नसती तर ठेवलाही नसता. स्वित्झर्लंडमधल्या अर्जदारांवरचा असाच एक अभ्यास २०१९ चा आहे, त्यातही हेच निघालं की स्पर्धेत भाग घेतल्यानंच लोकांचे पेपर वाढतात, नवे सहकारी मिळतात, जिंकणं-हरणं त्यामानानं दुय्यम.

म्हणून कॉम्पिटिशनच बंद करा म्हणणाऱ्या पार्टीत मी नाही.

पण त्याची किंमतही कोणीतरी मोजली पाहिजे, आणि ऑस्ट्रेलियावाल्यांनी मोजली. तिथल्या आरोग्य संशोधन परिषदेकडे २०१२ मध्ये ३,७२७ अर्ज आले, ते लिहायला शास्त्रज्ञांची मिळून साधारण ५५० वर्षं गेली, पगाराच्या हिशेबानं ६.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि पास झाले पाचातला एक. उरलेल्या चारांच्या वेळेचं काय झालं? आमच्यासारखं थोडंफार रिव्ह्यू पेपरात, ओळखीपाळखीत वळलं असेल, बाकी पाण्यात.

मिळाली

तिसरा अर्ज २०१९ चा, कुंड्यांचाच, जरा घासूनपुसून. मंजुरीचं पत्र फेब्रुवारी २०२० मध्ये आलं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना समोसे दिले. पैसे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात आले आणि मार्चच्या चौथ्या आठवड्यात देश बंद झाला.

लॉकडाउनला दोष देऊन ही केस संपवता आली असती, पण खरी अडचण ती नव्हती. मुदत सहा महिने वाढवून मिळाली, जास्तीचे पैसे न देता, पण मिळाली. अडचण होती वर्षाच्या हिशेबाची. पैसे हप्त्यानं येतात, पहिल्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) गेल्याशिवाय दुसरा येत नाही, युटिलायझेशन सर्टिफिकेट ३१ मार्चच्या आकड्यावर बनतं, त्यावर सीएची सही लागते, सीएला जूनपर्यंत वेळ नसतो, मग कॉलेजच्या अकाउंट्सला एक आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, मग दिल्लीहून एक शंका येते, तिचं उत्तर जातं, आणि पावसाळा, म्हणजे आमच्या रोगाचा एकमेव सीझन, निघून जातो. झाडाचं वर्ष जूनला सुरू होतं, पैशाचं एप्रिलला. हे दोन महिने दिसायला छोटे आहेत.

आमची पहिली जेआरएफ भंडाऱ्याची मुलगी. नोव्हेंबर २०२० मध्ये लागली, हाताला फार स्वच्छ, तिच्या प्लेटमध्ये कधी भलती बुरशी आली नाही. तेव्हा जेआरएफला महिना ३१,००० आणि वर घरभाडं (२०२३ च्या जानेवारीपासून ३७,००० झाले). कागदावर चांगले पैसे आहेत. तिला सलग सात महिने मिळाले नाहीत, कारण वर सांगितलं तेच. धरमपेठेत संध्याकाळी बारावीच्या बायोलॉजीच्या ट्यूशन घेऊन ती राहिली. मॅडमनी दोनदा स्वतःच्या खिशातून दिले, तिनं दुसऱ्यांदा घेतले नाहीत. २०२२ च्या सुरुवातीला बँकेच्या परीक्षेत निघाली आणि गेली. जाताना मॅडमना म्हणाली, "मॅम, थिसिसचं वाईट वाटते, पण तिथे एक तारखेला पगार होते." ह्यावर काय बोलणार? तिच्या जागी आलेल्या मुलाला शिकवण्यात चार महिने गेले, ते चार महिने कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाहीत.

खरेदीचं तसंच. एक साधा इन्क्युबेटर, तीन कोटेशन, पर्चेस कमिटी, पोर्टलवर सगळ्यात स्वस्त निघालेला वेंडर, ज्याचं तापमान दोन डिग्री इकडेतिकडे व्हायचं आणि फायटोफ्थोराला दोन डिग्री खूप होतात. बदलून मिळायला धरून ११ महिने. आता नियम बरेच सैल झालेत, जून २०२५ मध्ये केंद्राच्या अर्थखात्यानं संशोधन संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली आणि कमिटीमार्फतची १० लाखांवरून २५ लाख. आमचा प्रोजेक्ट तोवर संपला होता. आणि हे काही आपल्याकडेच आहे असंही नाही, अमेरिकेत सरकारी ग्रँट असलेल्या प्राध्यापकांचे सर्वे झालेत, २००५ ला विचारलं तर प्रोजेक्टच्या वेळेतला ४२ टक्के कागदपत्रांत जातो म्हणाले, २०१२ ला परत ४२, २०१८ ला ४४. मला हे वाचून बरं वाटलं, वाटायला नको होतं.

बगिच्यात काय चाललं होतं

तर २०२० ते २०२३ आमच्याकडे साधारण २८ लाखांचा प्रोजेक्ट, शेडनेटमध्ये ५४० कुंड्या, आणि कळमेश्वरच्या पुढे १२० झाडं ज्यांच्याकडे कोणी जात नव्हतं. २०२० च्या पावसाळ्यात जाता आलं नाही. २०२१ च्या पावसाळ्यात कुंड्यांचा मुख्य प्रयोग भरात होता, रोज पाणी, रोज मोजणी, जेआरएफ एकच, आणि प्रोजेक्टच्या पैशातून बगिच्याच्या पेट्रोलचं बिल लावता येत नाही, कारण मंजूर कामात बगिचा नाही. मॅडम म्हणायच्या पुढच्या शनिवारी जाऊ. मीही हो म्हणायचो. सहा-सात वर्षांची झाली होती झाडं तेव्हा. म्हणजे नेमकी उत्तर द्यायच्या वयाला आली होती.

२०२२ च्या जुलैत विदर्भात पावसानं कहर केला, ते सगळ्यांना आठवत असेल. सप्टेंबरमध्ये काकांचा फोन आला, "मॅडम, येऊन पाहून जा एकदा." गेलो. ओळी फिरताना पहिल्या दहा मिनिटांत मॅडम बोलायच्या थांबल्या. ३४ झाडं एकतर गेलेली किंवा जायच्या मार्गावर, बुंध्यावर डिंकाचे वाळलेले ओघळ, वरून सल. साध्या आळ्यातली जास्त, दुहेरीतली कमी, जंबेरीवरची जास्त, म्हणजे फरक होता! आठ वर्षं ज्याची वाट बघितली तो फरक समोर उभा होता आणि आमच्याकडे त्याच्या आधीच्या तीन पावसाळ्यांतला एक आकडा नव्हता. रोग कोणत्या झाडाला आधी लागला, मातीतला फायटोफ्थोरा आधी वाढला की डिंक आधी आला, दुहेरी आळ्यानं रोग थांबवला की फक्त उशिरा आणला, काहीच सांगता येत नव्हतं.

मॅडमनी काकांना कुंड्यांबद्दल सांगितलं, १८ खुंट, आठ महिने, कोणता टिकला. काका नीट ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या कुंडीले खाली भोक असते न? माह्या बगिच्यात झडी लागली की आठ-आठ दिवस पाणी उभं राह्यते, काळी माती हाये. तुमचं झाड कुंडीत वाचलं म्हणून माह्यं वाचन का?"

आमच्या तिसऱ्या पेपरच्या रिव्ह्यूअरनं हाच प्रश्न विचारला होता, इंग्रजीत, दीड परिच्छेद. आम्ही त्याला 'लिमिटेशन्स'मध्ये एक वाक्य टाकून गप्प केलं होतं. काकांना लिमिटेशन्स दाखवता येईनात.

मग काकांनी आत जाऊन कालनिर्णय आणलं. एक नाही, चार वर्षांची, खिळ्यावर एकावर एक लटकवलेली. ज्या दिवशी एखाद्या झाडाला डिंक दिसला, बोर्डो मलम (बुरशीनाशक) लावलं, झाड काढलं, त्या तारखेच्या चौकोनात ओळ आणि झाडाचा नंबर. आम्ही २०१४ मध्ये झाडांना पत्र्याचे नंबर ठोकले होते तेच नंबर. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मला तिथे बसून फोटो काढताना लाज वाटत होती, हे लिहून ठेवतो.

मग प्रॉडक्टिव्हिटीचं काय

आकडे असे. ग्रँटआधीच्या तीन वर्षांत दोन पेपर, अर्ज करण्याच्या तीन वर्षांत तीन (त्यात तो रिव्ह्यू), ग्रँटच्या चार वर्षांत सहा, नंतरच्या वर्षी दोन. वाढले. पण आमच्याच मजल्यावर केमिस्ट्रीचे एक सर आहेत ज्यांनी २०१५ ला एक अर्ज केला, तो गेला, त्यानंतर कानाला खडा लावला, त्यांचे त्याच चार वर्षांत पाच झाले. विनापैशाचे. अर्थात दोन माणसांची अशी तुलना म्हणजे काहीच नाही, मॅडम आधीच जास्त धावणाऱ्या आहेत म्हणून तर त्यांना ग्रँट मिळाली, म्हणजे वाढलेले पेपर ग्रँटचे की मॅडमचे?

हा गुंता सोडवायचा एक छान रस्ता जेकब आणि लेफग्रेन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी काढला. एनआयएचच्या अर्जांना मार्क असतात आणि एका रेषेवर कट-ऑफ असतो. रेषेच्या जरा वरचे आणि जरा खालचे शास्त्रज्ञ म्हणजे जवळपास सारखेच लोक, एकाला पैसे मिळाले, दुसऱ्याला नाही. पुढची पाच वर्षं त्यांचे पेपर मोजले तर फरक निघाला जेमतेम एका पेपरचा, साधारण ७ टक्के. २०११ चा पेपर. एवढ्या मोठ्या ग्रँटनं एक पेपर? कारण त्यांच्या मते हे की ज्यांचं हुकतं ते हात बांधून बसत नाहीत, दुसरीकडून पैसे आणतात. अमेरिकेत दुसरीकडे असतं. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी दुसरीकडून काही आणलं नाही, त्यांनी प्रश्नच असा निवडला ज्याला पैसे लागत नाहीत, कॉम्प्युटरवर होणारा. हाही एक परिणामच आहे, फक्त तो पेपरच्या आकड्यात दिसत नाही. आणि परत अर्ज न करणं हा त्यांचा स्वभावदोष नाही. नेदरलँड्समध्ये तरुण शास्त्रज्ञांवर असंच रेषेच्या वरचे-खालचे बघितले होते, वरच्यांना पुढच्या आठ वर्षांत खालच्यांच्या दुपटीहून जास्त पैसे मिळाले, आणि त्यामागचं एक कारण हे की खालच्यांनी अर्ज करणंच कमी केलं.

माझं मत विचाराल तर आमच्या केसमध्ये 'ग्रँटनं काम वाढलं का' हा प्रश्नच चुकीच्या जागी आहे. पेपर वाढले. प्रश्न बदलला. बगिच्यातून कुंडीत आला. आणि कोणी आमच्या डोक्याला बंदूक लावली नव्हती, पहिल्या रिजेक्शननंतर आम्हीच आपणहून, खुशीनं, चार्ट करून तो बदलला. मी त्या दुसऱ्या रिव्ह्यूअरलाही दोष देत नाही, तीन वर्षांचे पैसे देणारा तीन वर्षांतच काय होईल हेच विचारणार.

ह्याच्या उलटं उदाहरण अमेरिकेतल्या हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटचं देतात. ते प्रोजेक्टला नाही, माणसाला पैसे देतात, आधी पाच-पाच वर्षांसाठी द्यायचे, आता सात-सात, आणि पहिल्या फेरीत काही जमलं नाही तरी सांभाळून घेतात. तिघा अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्या लोकांची तुलना एनआयएचवर चालणाऱ्या तेवढ्याच तोडीच्या लोकांशी केली, तर गाजलेले पेपर हॉवर्ड ह्यूजवाल्यांचे जास्त होते, आणि साफ आपटलेले पेपरही त्यांचेच जास्त होते. दुसरा अर्धा भाग मला जास्त आवडतो. ज्याला आपटायची परवानगी आहे तोच दहा वर्षांचा बगिचा लावेल. पण आपल्याकडच्या एखाद्या मोफसल कॉलेजला असे पैसे कोणी देईल असं मी म्हणत नाही, ते निवडून निवडून जगातले वरचे लोक घेतात. मला एवढंच पाहिजे होतं की वर्षाला साठ-सत्तर हजार, दहा वर्षं, पेट्रोल आणि पिशव्यांचे, कागदपत्रं एक पान. असा फॉर्म कुठे नाही. २८ लाखांचा आहे.

नवीन अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ चा, जुनं एसईआरबी (संशोधनाला ग्रँट देणारं केंद्राचं मंडळ) त्यात विलीन झालं, पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हटलेत, त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि बाकी बाहेरून यायचे. त्यांच्या एका योजनेत मोठ्या संस्थेला हब करून छोट्या विद्यापीठांना तिच्याशी जोडतात. चांगलं आहे, शहरातल्या त्या सरांच्या लॅबची ओळख आम्हाला अर्जाच्या धाकाशिवाय आधीच झाली असती.

सध्या

काकांच्या चार कालनिर्णयांवरून झाडागणिक तारखा काढून मी टेबल केलं, मातीचे आकडे नसल्यानं पेपर अर्धवटच आहे, एका जर्नलनं परत पाठवला, दुसरीकडे दिलाय. १२० पैकी आज ७१ झाडं उभी आहेत. त्यातली बरीच दुहेरी आळ्यातली. काकांनी बाकीच्या बगिच्यातही यंदा दुहेरी आळी केली, आमचा पेपर यायची वाट न बघता.

२०२३ पासून दुसरा शनिवार परत सुरू आहे, एमएस्सीच्या डिझर्टेशनच्या नावाखाली, वर्गणी काढून. जुन्या प्रोजेक्टच्या खात्यातल्या १,१४० रुपये व्याजाबद्दल दिल्लीहून अजून पत्र येतं, मागच्या महिन्यात तिसरं उत्तर गेलं. आणि नवीन कॉल आलाय. परवा मॅडमच्या केबिनमध्ये बसून फॉर्म उघडला, कालावधीच्या चौकोनात क्लिक केलं तर यादी उघडली: १२, २४, ३६. मॅडमनी चहा खाली ठेवला, ३६ निवडलं आणि म्हणाल्या, "सर, कुंड्या किती लिहायच्या?"